एडनचा कोळसा आणि केपचा रस्ता

मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० साली सुएझला निघाली, तेव्हा केबिनींतसुद्धा कोळसा भरला होता. तरीही वाटेत एडनला, अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बंदरात, थांबून तो पुन्हा घ्यावा लागला. नऊ वर्षांनी मुंबईहून गेलेल्या फौजेने एडनच घेतले. निमित्त एका लुटलेल्या जहाजाचे होते, गरज टपालबोटींच्या कोळशाची.

'कोलिंग स्टेशन', म्हणजे आगबोटींना कोळसा पुरवणारे ठाणे, या शब्दाने पुढे बराच घोळ घातला. मुळात ती व्यापाऱ्यांची सोय: वखार, धक्का, पाट्या वाहणारे मजूर. कोळसा वेल्सचा, कारण तो कमी धुरात जास्त आच देई. गंमत अशी की आगबोटींचा हा कोळसा वर्षानुवर्षे शिडाची जहाजे केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, वळसा घालून आणत. आरमारही वाफेवर गेले आणि त्याच वखारीभोवती तोफा व पलटण आली. मग खर्च कोणाचा, लंडनचा की वसाहतीचा, हा वाद पेटला. एडनचा बराचसा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला, आणि तो अन्यायच होता.

रशियाशी युद्धाची धास्ती वाढल्यावर १८७९ साली शाही आयोग नेमला गेला. कोणत्या मार्गाने किती किमतीचा माल जातो, याचा हिशेब त्याने मांडला. सुएझ कालवा १८६९ पासून चालू होता, १८७५ साली त्याचे बरेचसे शेअरही ब्रिटिश सरकारने घेतले होते, आणि तिथली बहुतेक जहाजे ब्रिटिशच होती. तरी आयोगाचा कौल पडला तो केपच्या बाजूने: अरुंद कालव्यात एक जहाज बुडवले की वाट बंद, म्हणून युद्धकाळात भरवसा केपच्या मार्गाचाच, तिथली बंदरे आधी मजबूत करा. मला हा कौल पटतो. पण त्याची शाई वाळते न वाळते तोच, १८८२ साली, कालव्यासाठी इजिप्तमध्ये फौजा उतरल्या. त्यांत हिंदी पलटणीही होत्या, आणि त्या खर्चातला वाटा पुन्हा आपल्याच तिजोरीतून गेला.

समुद्राखालून संदेश नेणाऱ्या तारेचा प्रवास असाच. तांब्याच्या तारेवर मलायातल्या झाडांच्या चिकाचा, गटापर्चाचा लेप, वरून लोखंडी तारांचे वेढे. अशी केबल १८७० साली मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रात टाकली गेली, ती खाजगी भांडवलावर, बाजारभाव लवकर कळावेत म्हणून. पुढे आरमाराचे हुकूमही अशाच तारांवरून जाऊ लागले. परक्या भूमीला न शिवणारे जाळे हवे, हा आग्रह वाढत गेला आणि १९०२ साली पॅसिफिकमधली केबल पुरी होऊन ते पृथ्वीभोवती जुळले. ५ ऑगस्ट १९१४ च्या पहाटे एका ब्रिटिश केबल-जहाजाने इंग्लिश खाडीतल्या जर्मन तारा तोडल्या.