बॉल घेऊन वळणं आम्ही कसं शिकवतो
(विश्रामबाग, सांगली येथील आमच्या फुटबॉल वर्गाच्या पालकांसाठी)

"गोल मारायला कधी शिकवणार?" पहिल्या महिन्यात बहुतेक पालक हेच विचारतात. मूल गोलकडे पाठ करून उभं असतं, बॉल पायात येतो आणि कडेवरून आवाज येतो, "मार, मार!" घाबरून ते समोर, म्हणजे आपल्याच गोलच्या दिशेनं, बॉल हाणतं. म्हणून आमच्याकडे आधी वळणं.

त्याची सुरुवात मानेपासून होते. बॉल येत असतानाच खांद्यावरून मागे बघायचं. सवय लागावी म्हणून कोच पाठीमागे उभे राहून बोटं दाखवतात. बॉल पायाला लागायच्या आत मुलानं आकडा ओरडायचा. सुरुवातीला सगळे न बघताच "तीन!" ठोकून देतात. मग हळूहळू माना फिरायला लागतात. मागे जागा असेल तर अंग तिरकं ठेवून लांबच्या पायावर बॉल घ्यायचा, निम्मं वळण तिथंच होतं. कुणी चिकटलेलं असेल तर वळायचं नाही. अंग मध्ये घालून बॉल आला तिकडं परत द्यायचा.

पळताना वळायला तीन प्रकार पुरतात: पायाच्या आतल्या बाजूनं, बाहेरच्या बाजूनं आणि तळव्यानं मागे ओढून. शेवटची पावलं आखूड, कंबर खाली. कबड्डीत चढाईवरून परत फिरणारा गडी आठवा. वळून झाल्यावर मात्र जोरात सुटायचं. इथं मुलं हमखास थांबतात, आपलीच करामत बघत.

मोबाइलवर बघून आलेल्यांना क्रायफ टर्न हवा असतो. 1974 च्या वर्ल्डकपमध्ये स्वीडनविरुद्ध नेदरलँड्सच्या योहान क्रायफनं पासचा आव आणून बॉल आपल्याच टेकलेल्या पायामागून ओढला आणि उलटीकडं निघून गेला. शिकवतो तोही, पण आव पटण्याजोगा जमू लागल्यावर. नाहीतर समोरचा हलतच नाही. ती मॅच 0-0 सुटली, हेही आम्ही सांगून ठेवतो.

बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा बॉल घ्या. थोरल्या भावाचा पाच नंबरचा, 68 ते 70 सेंमी घेराचा, लहान पायाला ओढवत नाही. पावसाळ्यात काळी माती बुटाच्या तळाच्या स्टडमध्ये (खुंट्यांमध्ये) थापली जाते आणि पाय सटकतो, म्हणून पिशवीत जुना ब्रश असू द्या. फारच चिखल असला तर वळणांचा सराव त्या दिवशी बंद. गुडघा पिळवटण्यापेक्षा ते बरं.

मॅच बघायला जरूर या. ओरडायचंच असेल तर मुलं एकमेकांना जे ओरडतात तेच ओरडा: मोकळं असेल तर "वळ!", नसेल तर "मागं हाय!"