गोळी कोणासाठी?

जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी हिंदमाताला गुडघाभर पाणी साचतं, लोकल ठप्प होतात, आणि परळहून दादरपर्यंत माणसं पाण्यातूनच चालत निघतात. घरी पोचून पाय धुतले की हातात मोबाईल येतो. मग आरोग्याच्या कुठल्या तरी ग्रुपवर दरवर्षीचा प्रश्न येऊन पडतो : "पाण्यातून चालत आलोय. लेप्टोची गोळी घेऊ का?"

पाच मिनिटांत उत्तरांचा पाऊस. घ्या, काही होत नाही. अजिबात घेऊ नका, अँटिबायोटिक आहे. गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवा. आमच्या मेहुण्यांच्या शेजाऱ्यांनी दुर्लक्ष केलं, चौथ्या दिवशी गेले. या गर्दीत एखादाच सदस्य उत्तर न देता उलट विचारत बसतो. गोळी कोणासाठी हवी आहे? पायाला जखम, चिरा, भेगा आहेत का? आज एकदाच चाललात की रोज त्या पाण्यात उभं राहून काम असतं? घरातलं लहान मूल किंवा कोणी गरोदर बाई पाण्यातून आली आहे का? लोक वैतागतात, "तुम्ही डॉक्टर आहात का?" म्हणून विचारतात. तो डॉक्टर नसतो. ग्रंथपाल असण्याची शक्यता मात्र बरीच असते.

मीही त्याच जातकुळीची. नोकरी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली, पण कामातला निम्मा जीव पुढे पुढे रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या ऑनलाइन गटांमध्ये गुंतला. हे काम नेमकं कसलं, हे घरच्यांनाही नीट सांगता येत नाही, म्हणून गोळीच्या प्रश्नावरूनच सांगते.

लेप्टोस्पायरा हा नागमोडी पिळाचा जिवाणू. उंदराच्या मूत्रपिंडात तो उंदराला फारसा त्रास न देता राहतो आणि लघवीतून बाहेर पडतो. साचलेल्या पाण्यात, ओल्या मातीत तो तग धरतो आणि माणसाच्या अंगात शिरतो तो जखमेतून, पाण्यात भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या आतल्या पातळ अस्तरातून. म्हणून जखमेचा प्रश्न. लक्षणं बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात : ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं, काहींना कावीळ होते, मूत्रपिंडं बंद पडतात, फुप्फुसात रक्तस्राव होतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईने या रोगाची साथ पाहिली. तेव्हापासून 'लेप्टो' हा शब्द चाळीतल्या आजीलाही पाठ आहे.

गोळी म्हणजे डॉक्सिसायक्लिन. ती गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला सहसा देत नाहीत, डॉक्टर दुसरं औषध निवडतात. म्हणजे एकाच घरातले तिघे एकाच पाण्यातून आले, तरी 'घेऊ का' या प्रश्नाची उत्तरं तीन होऊ शकतात. प्रश्नात मात्र 'आलोय' एवढंच लिहिलेलं असतं.

आता गोळीचा उपयोग होतो का? इथे ग्रंथपालाचं दुसरं काम सुरू होतं. १९८४ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी फार गाजलेली आहे. पनामाच्या जंगलात सुमारे तीन आठवडे प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्यांना दर आठवड्याला डॉक्सिसायक्लिन दिलं, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. बिनऔषधाच्या गटात २० जणांना लेप्टो झाला, औषधाच्या गटात एकाला. हे वाचलं की वाटतं, प्रश्न मिटला. पण २००० साली आपल्या अंदमानातली चाचणी प्रसिद्ध झाली. तिथले लोक दरवर्षी या जिवाणूच्या संगतीत राहणारे. त्यांच्यात गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही गटांत संसर्ग जवळपास सारखाच झाला. मात्र गोळी घेणाऱ्यांत आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. अशा चाचण्या एकत्र तोलून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००९च्या आढाव्याने तर, दर आठवड्याला गोळी घेत राहण्याचा फायदा स्पष्ट दिसत नाही आणि मळमळ-उलटी मात्र वाढते, असं म्हटलं.

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ग्रुपवरचा एक जण पनामाचा दाखला देतो, दुसरा कॉक्रेनचा, आणि दोघं रात्री दोनपर्यंत भांडतात. पनामातले सैनिक धडधाकट तरुण होते, त्या जिवाणूला नवखे आणि आठवडेच्या आठवडे चिखलात. दादरचा माणूस अर्धा तास पाण्यात होता. हे शेजारी शेजारी मांडून दाखवणं, पालिका पावसाळ्यात काय आवाहन करते ते जोडणं, आणि "जखम असेल किंवा जास्त वेळ पाण्यात होतात तर उद्या सकाळीच डॉक्टरकडे जा, ताप आला तर पाण्यातून चालल्याचं डॉक्टरला आवर्जून सांगा" इथे थांबणं, एवढंच माझं काम. घ्या किंवा घेऊ नका हे मी लिहीत नाही. हे लोकांना आवडत नाही.

विचारणारा जे बोलतो ते त्याला हवं असलेलं नसतं, हे ग्रंथालयशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. रॉबर्ट टेलर या अमेरिकी अभ्यासकाने १९६८ साली याची चार पायऱ्यांत मांडणी केली. आधी नुसतीच एक अस्वस्थता असते, मग ती मनात धूसर आकार घेते, मग तिचा नीट प्रश्न होतो, आणि शेवटी समोरच्याकडून काय मिळेल याचा अंदाज घेऊन माणूस तो प्रश्न कापून-छाटून विचारतो. काउंटरवर येतो तो हा छाटलेला प्रश्न. ग्रंथपालाने उलट्या पायऱ्या उतरत मागे जायचं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१च्या पंचसूत्रांतलं चौथं सूत्र सांगतं, वाचकाचा वेळ वाचवा. चार प्रश्न विचारणं त्याच्या विरुद्ध वाटतं खरं, पण चुकीच्या प्रश्नाचं बिनचूक उत्तर शोधण्यात जाणारा वेळ पाहिला की रंगनाथनांशी भांडण राहत नाही.

काउंटर सोडून ग्रंथपालांनी गर्दीत जावं ही कल्पना मात्र नवी. त्यातला सगळ्यात गमतीदार प्रयोग 'सेकंड लाइफ'मधला. २००३ साली सुरू झालेलं हे संगणकावरचं आभासी जग. माणसं तिथे स्वतःची बाहुली घेऊन हिंडतात, घरं बांधतात, गप्पा मारतात. २००६ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या ग्रंथालयांच्या एका संघाने नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या अनुदानावर तिथे 'हेल्थइन्फो आयलंड' नावाचं बेट उभारलं. खऱ्या ग्रंथपालांच्या बाहुल्या तिथल्या टेबलामागे बसून येणाऱ्या बाहुल्यांना आजाराची माहिती शोधून द्यायच्या. त्याच जगात एचआयव्ही-एड्सची माहिती देणारं 'करुणा' नावाचंही एक बेट होतं.

हसू येतं, पण त्यामागे विचार होता. चेहरा आणि नाव झाकलेलं असलं की माणूस मोकळा होतो, हे जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली सविस्तर मांडलं. गुप्तरोग, वंध्यत्व, मूळव्याध, आत्महत्येचे विचार, यांबद्दल आमच्या काउंटरवर कोणी मोठ्याने विचारत नसे. विचारलंच तर "एका मित्रासाठी" असं म्हणून. त्याच मोकळेपणात माणूस धडधडीत खोटंही बोलतो आणि शिव्याही देतो, हे सुलरनेच नोंदवलंय. पुढे त्या जगातली गर्दी ओसरली, गप्पा फेसबुक, व्हॉट्सॲप, टेलिग्रामवर आल्या. बाहुल्या गेल्या, टोपणनावं राहिली.

शोधण्याची हत्यारंही तोवर सगळ्यांच्या हाती आली होती. १८७९ साली 'इंडेक्स मेडिकस' या नावाने वैद्यकीय लेखांची छापील सूची सुरू झाली, १९७१मध्ये तिचा मेडलाइन हा संगणकीय अवतार आला आणि १९९७ साली पबमेडमधून तो जगाला फुकट खुला झाला. कॉक्रेनचे आढावे भारतात कोणालाही पूर्ण वाचता यावेत म्हणून २००७ साली आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेने देशासाठी वर्गणी भरली, ही मला अजूनही फार मोठी गोष्ट वाटते. फोर्टमध्ये तर डॉ. अनिरुद्ध मालपाणी यांनी सामान्य लोकांसाठी 'हेल्प' हे आरोग्य ग्रंथालयच उघडलं. पण लेख हाती आला म्हणजे त्याचा अर्थ लागला असं होत नाही. सगळ्यात जास्त अडतं ते आकड्यांशी.

याचं उत्तम उदाहरण एका शास्त्रज्ञाचंच आहे. जीवाश्मांचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटातला मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग झाल्याचं कळलं. काय वाचू, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं, तर उत्तर आलं, वाचण्याजोगं काही नाही. गूल्ड हिंडूफिरू लागताच हार्वर्डच्या वैद्यकीय ग्रंथालयात गेले आणि डॉक्टर का टाळत होत्या ते त्यांना कळलं. निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यांक आठ महिने होता. बहुतेकांनी याचा अर्थ 'माझे आठ महिने उरले' असा लावला असता. गूल्ड आकड्यांत मुरलेले होते. मध्यांक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात आणि उरलेले निम्मे त्याहून जास्त जगतात. आठच्या अलीकडे जागा शून्यापर्यंतच आहे, पलीकडे मात्र आलेख वर्षानुवर्षं लांबू शकतो. आपलं वय, आजार लवकर सापडणं, उपचार, हे सगळं पाहून त्यांनी स्वतःला त्या लांब शेपटीत धरलं. ते आणखी वीस वर्षं जगले आणि २००२ साली गेले ते वेगळ्याच कर्करोगाने.

टाटा रुग्णालयाबाहेर प्लास्टिकच्या पिशवीत फाइल धरून उभ्या असलेल्या माणसाला हा हिशेब सांगणारं कोणी नसतं. "तिसरी स्टेज म्हणजे किती दिवस?" असा प्रश्न ग्रुपवर येतो आणि कोणीतरी कुठला तरी टक्का चिकटवून मोकळा होतो. अशा वेळी मी आधी एवढंच विचारते की तुम्हाला आकडा हवा आहे का. बऱ्याचदा नको असतो. हवं असतं ते पुढच्या केमोनंतर घरी काय लागेल, गावाकडे कधी जाता येईल, हे.

ऑनलाइन गट म्हणजे अफवांचा कारखाना, हे मात्र मी सरसकट मान्य करत नाही. स्तनांच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या एका ऑनलाइन गटातले ४,६०० संदेश तपासून २००६ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चुकीचे किंवा दिशाभूल करणारे संदेश सापडले अवघे १०, आणि त्यातले ७ इतर सदस्यांनीच सरासरी साडेचार तासांत दुरुस्त केले. अर्थात तो जुन्याजाणत्या, एकाच आजाराने बांधलेल्या लोकांचा गट होता. सोसायटीच्या ग्रुपवर हा भरवसा ठेवू नये. तिथे सकाळच्या सुप्रभातामागून कर्करोगावरचा रामबाण उपाय येतो आणि पाठवणारे काका वयाने मोठे असल्यामुळे कोणी काही बोलत नाही.

जाणत्या गटाची ताकद केवढी आणि मर्यादा कुठे, हे एएलएसच्या रुग्णांनी दाखवलं. या आजारात स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. २००८ साली इटलीतल्या छोट्या अभ्यासाने लिथियममुळे आजाराची गती मंदावते असा दावा केला. लिथियम घेणारे रुग्ण होते फक्त १६. 'पेशंट्सलाइकमी' या संकेतस्थळावरच्या रुग्णांकडे वाट पाहायला वेळ नव्हता. त्यांनी आपापल्या डॉक्टरांकडून लिथियम सुरू करून घेतलं आणि आपली अवस्था नोंदवत राहिले. अशा १४९ जणांच्या नोंदी त्यांच्याशी मिळत्याजुळत्या, पण लिथियम न घेतलेल्या रुग्णांशी ताडून पाहिल्या, आणि २०११ साली निष्कर्ष छापून आला : वर्षभरात काहीही फरक नाही. पुढे रीतसर चाचण्यांनीही तेच सांगितलं. या रुग्णांनी स्वतःच्या आशेविरुद्ध पुरावा गोळा केला, याचं मला अतोनात कौतुक आहे. तरी हेही खरं, की त्या वर्षात त्यांनी निरुपयोगी आणि विषारी ठरू शकणारं औषध घेतलं.

काही ठिकाणी ग्रंथपालाने शोधूच नये. छातीत कळ येतेय, तोंड वाकडं झालंय, बाळ दूध ओढत नाही, असा संदेश आला तर पबमेड बंद करून १०८ लिहायचं. कोणी रुग्णाचं नाव, पत्ता दिसणारा रिपोर्ट टाकला तर आधी तो काढून टाकायला सांगायचं, रिपोर्टबद्दल नंतर. डोस सांगायचा नाही, ओळखीच्यालाही नाही. अशा कामासाठी नेमलेल्या पदाची जाहिरात मी आपल्याकडे अजून पाहिलेली नाही. करतात ते सगळे नोकरी सांभाळून, हौसेने.

अलीकडे या हौसेला नवं काम मिळालंय. लोक आता चॅटबॉटकडून उत्तर घेऊन येतात, खाली व्यवस्थित संदर्भ लावलेला असतो : लेखकांची नावं, नियतकालिक, वर्ष, खंड, पान. "हा लेख मिळवून द्याल का?" शोधायला जावं तर लेखच नसतो. नियतकालिक खरं असतं, लेखकही कधी कधी खरे असतात, पण त्या खंडातल्या त्या पानावर भलत्याच विषयाचा मजकूर निघतो. हे यंत्र शब्दांमागून शब्द जुळवत जातं, त्यामुळे संदर्भासारखं दिसणारं काहीही ते तितक्याच आत्मविश्वासाने लिहून देतं. "असा लेख नाही" म्हटलं तर विचारणाऱ्याला वाटतं, बाईंना सापडला नाही. म्हणून मी त्या खऱ्या पानाची लिंक पाठवते आणि तुम्हीच उघडून बघा म्हणते.