रुग्णालयाची जुनी वास्तू आणि नवा सार्वजनिक वापर : ठाण्यापुरती पार्श्वभूमी

ठाण्यात एखाद्या जुन्या रुग्णालय-इमारतीचे वाचनालय, सभागृह किंवा विरंगुळा केंद्र करावे असा विषय निघाला, की चर्चा इमारतीच्या वयापाशीच घुटमळते. वास्तूचा उपयोग बदलणे या शहराला मुळीच नवे नाही. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्याचा १८३३ मध्ये तुरुंग झाला आणि तो आजही तुरुंगच आहे.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ चे. त्या काळी मोकळी हवा हाच निम्मा उपचार मानला जाई. त्यामुळे रुग्णालये एकसंध न बांधता सुटे कक्ष, रुंद ओसऱ्या आणि उंच छत अशी त्यांची मांडणी असे. हीच मांडणी आज नव्या वापराला सोयीची ठरते. मात्र तिला जागा फार लागते आणि अडचण तिथेच सुरू होते. मनोरुग्णालयाच्या जमिनीचा काही भाग ठाणे-मुलुंडदरम्यानच्या नव्या उपनगरी स्थानकासाठी देण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि २०२३ मध्ये तशी वाट मोकळी झाली. जुने ‘सिव्हिल’, म्हणजे जिल्हा रुग्णालय, पाडून तिथे ९०० खाटांचे रुग्णालय उभारण्याचे ठरले, तेव्हा रुग्णसेवा हलवायला जागा मिळाली तीही मनोरुग्णालयाच्याच परिसरात. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा अजून पुरती विरलेली नसताना त्या आवाराची शहराला अशी गरज पडली, याची नोंद करायला हवी.

खरा गुंता शब्दांचा आहे. दुरुस्ती, नूतनीकरण, जीर्णोद्धार, जतन आणि पुनर्विकास हे शब्द सभेत एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. परंतु अंदाजपत्रकात त्यांपैकी कोणता शब्द बसतो यावर इमारतीचे भवितव्य ठरते. ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपल्याकडे देवळांवरून आला आणि देवळांच्या बाबतीत त्याचा अनुभव संमिश्र आहे. कोरीव दगडावर ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात चकचकीत फरशा, हेही जीर्णोद्धारातच मोडते. ‘नूतनीकरणा’त जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला जातो. जोत्यातून वर चढणारी ओल त्या गिलाव्यामुळे बाहेर पडू शकत नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यानंतर गिलावा जिथे संपतो त्याच्या वीतभर वर लोणा फुटतो. पांढरी भुकटी बोटाला लागते, आतला दगड शाबूत असतो, पण सांध्यातला चुना मऊ पडत जातो. मग भिंत कमकुवत असल्याचा शेरा येतो आणि पुढचा शब्द ‘पुनर्विकास’ असतो. ‘जतन’ या शब्दाला यातले सर्वांत कमी पैसे मिळतात, हे कोणत्याही निविदेवर नजर टाकणाऱ्याला कळते.

शब्दांइतकाच वादाचा दुसरा मुद्दा तपासणीचा आहे. महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची वर्गवारी करते : ‘सी-१’ म्हणजे रिकामी करून पाडायची, ‘सी-२ए’ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, ‘सी-२बी’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करायची आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. इमारती कोसळून माणसे गेलेल्या शहरात ही पद्धत आवश्यकच आहे. तथापि संरचनात्मक तपासणीत सर्रास वापरला जाणारा रिबाउंड हॅमर हा काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजण्यासाठी आहे. दगड आणि चुन्याच्या भिंतीवर त्याच्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही, आणि तरीही जुन्या इमारतीचा निर्णय अशा अहवालावर होऊ शकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तपासणी कोणत्या साधनाने झाली, हाच प्रत्येक प्रस्तावात सर्वप्रथम विचारायचा प्रश्न आहे.

कायद्याच्या बाजूने पाहता मुंबईत वारसा नियमावली १९९५ मध्ये आली आणि वास्तूच्या वारसा-श्रेणीनुसार अनुरूप नव्या वापराला तिने मुभा दिली. त्याआधी वास्तुजतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने समाजोपयोगी वापर हा जतनाला पोषकच असल्याचे म्हटले होते, मात्र त्यासाठी वास्तूची मांडणी किंवा सजावट बदलू नये अशी अट घातली होती. अलीकडच्या प्रस्तावांत सनदेचा पूर्वार्ध आवर्जून येतो आणि अट वगळली जाते.

‘समाजोपयोगी’ म्हणजे नेमका कोणता उपयोग, हे मात्र सभेत हात वर करून ठरत नाही, ते जमीन ठरवते. आणि इथे जमीन म्हणजे पहिल्या मजल्यावरची. भारतीय मानकांनुसार रुग्णकक्षासाठी प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो भार धरतात, पक्क्या खुर्च्या नसलेल्या सभागृहासाठी ५०० आणि पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीसाठी ६०० किंवा त्याहून अधिक. सागवानी तुळयांवरच्या कक्षात लग्नाचा हॉल काढायचा तर खालून लोखंडी आधार द्यावे लागतात आणि त्यात छताची मूळ रचना झाकली जाते. त्यापेक्षा पुस्तके तळमजल्यावर ठेवून वर योगवर्ग, समुपदेशन आणि शिवणवर्ग चालवणे त्या लाकडाला झेपणारे आहे. लिफ्ट हवीच, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता बंधनकारक केली आहे. ती मूळ भिंतीत न खोदता मागच्या ओसरीला लागून स्वतंत्र उभी करता येते.