बचाव नौका : समुद्रावरची घडण आणि भीमा-सीनेवरचे काम

बचाव नौका : संकटात सापडलेल्या माणसांना पाण्यातून किंवा बुडत्या जहाजावरून काढून सुखरूप किनाऱ्याला आणण्यासाठीच बांधलेली नौका. जहाजाच्या कडेला टांगलेली जीवरक्षक होडी वेगळी. ती जहाज सोडून जाणाऱ्यांसाठी असते. बचाव नौका किनाऱ्यावरून निघते, आणि बाकीच्या बोटी बंदराचा आसरा शोधत असतात नेमकी तेव्हाच निघते. तिच्या घडणीतली जवळपास प्रत्येक गोष्ट एकाच अटीतून आली आहे : काहीही झाले तरी तिने आपल्या माणसांसह परत आले पाहिजे.

सोलापूर शहरापासून समुद्र सरळ रेषेतही अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. तरीही उजनीचा जलाशय, पंढरपूरची चंद्रभागा आणि भीमा-सीनेचे पूर यांमुळे या जिल्ह्याला बचाव नौकेची गरज वारंवार पडते. इथे येणारी रबरी बोट ही समुद्रावरच्या नौकेचीच धाकटी बहीण आहे. म्हणून आधी समुद्राकडे पाहणे भाग आहे.

इतिहास : १७८९ मध्ये इंग्लंडात टाइन नदीच्या मुखाशी ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाचे जहाज वादळात रुतले आणि किनाऱ्यावर जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत त्याचे खलाशी बुडाले. त्या लाटांत नेता येईल अशी एकही होडी तिथे नव्हती. त्यानंतर अशा होडीसाठी स्पर्धा जाहीर झाली आणि १७९० मध्ये हेन्री ग्रेटहेड या नौकाबांधकाने ‘ओरिजिनल’ ही वल्ह्यांची, बुचाच्या लाकडाचे अस्तर दिलेली होडी बांधली. याच स्पर्धेत विल्यम वुडहेव्ह याने आपोआप सुलट होणाऱ्या होडीचा नमुना मांडला होता. ती कल्पना व्यवहारात रुळायला पुढे साठेक वर्षे गेली. १८२४ मध्ये सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये या कामासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. ती आजही मुख्यतः देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालते.

९ फेब्रुवारी १८६१ रोजी इंग्लंडातील व्हिटबी बंदराजवळ जे घडले ते प्रत्येक नावाड्याला माहीत असायला हवे. एकाच दिवसात वारंवार बाहेर पडलेली बचाव नौका अखेर उलटली आणि तेरापैकी बारा जण गेले. वाचलेल्या हेन्री फ्रीमनच्या अंगात नव्या पद्धतीचे बुचाचे जीवरक्षक जाकीट होते. बोट तीच, लाटा त्याच, फरक फक्त जाकिटाचा. पुढे १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री इंग्लंडातील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाकडी बचाव नौका ‘युनियन स्टार’ या मालवाहू जहाजातील माणसांना काढताना आपल्या आठही स्वयंसेवकांसह नष्ट झाली. जहाजावरचे आठ जणही वाचले नाहीत.

घडण : आधुनिक सागरी बचाव नौका उलटली तरी स्वतःहून सुलट होते. यात जादू नाही. इंजिने, इंधनाच्या टाक्या असे सगळे जड सामान अगदी तळाशी ठेवलेले असते, तर वरची बंद खोली पाणी न शिरणारी आणि हवेने भरलेली असते. नौका पालथी झाली की वजन वर जाते आणि हवेची खोली पाण्याखाली दाबली जाते. ही अवस्था टिकूच शकत नाही; तळाला शिसे भरलेल्या बाहुलीसारखी ती उभी राहते. अमेरिकी तटरक्षक दलाची ४७ फुटी अ‍ॅल्युमिनियमची नौका दहा सेकंदांच्या आत सुलट होते. मात्र यासाठी दारे घट्ट बंद असावी लागतात आणि माणसे पट्ट्याने आसनाला बांधलेली असावी लागतात. एक दार उघडे राहिले तर सारे गणित फसते. नवी नौका पाण्यात आणल्यावर क्रेनने मुद्दाम पालथी करून ही चाचणी घेतली जाते. छोट्या उघड्या रबरी नौकांना बंद खोली नसते. त्यांच्या मागच्या बाजूला कमानीवर एक पिशवी गुंडाळून ठेवतात. बोट उलटल्यावर खलाशी दोरी ओढतो, वायूने पिशवी फुगते आणि बोट सरळ होते.

ब्रिटनची ‘शॅनन’ वर्गाची नौका सुमारे १३.६ मीटर लांब आहे आणि २५ नॉट, म्हणजे ताशी ४६ किलोमीटरच्या आसपास वेग घेते. तिला तळाबाहेर फिरणारा पंखा नाही. इंजिन पाणी आत ओढून मागे जोराने फेकते आणि त्या रेट्याने नौका पुढे जाते. पाण्यात पडलेल्या माणसाजवळ जाताना खाली फिरते पाते नसणे याचे मोल वेगाहून जास्त आहे. शिवाय उथळ किनाऱ्यावर नौका थेट वाळूवर चढवता येते.

इतक्या वेगाने लाटेवरून खाली आदळताना खलाशाच्या पाठीच्या कण्याला जबर हादरा बसतो. म्हणून आसने स्प्रिंगवर बसवतात, आणि नकाशा, रडार, इंजिनाची माहिती प्रत्येकाला जागेवरूनच पडद्यावर दिसेल अशी सोय करतात. वादळात उठून दोन पावले चालणे हीसुद्धा जोखीम असते.

नौकेच्या कडेला एका ठिकाणी काठ मुद्दाम खाली आणलेला असतो, पाण्याच्या पातळीच्या अगदी जवळ. पाहुण्या माणसाचे तिकडे लक्षही जात नाही, पण माझ्या मते साऱ्या नौकेतली सर्वांत महत्त्वाची जागा हीच. माणूस सापडणे एक आणि त्याला वर घेणे दुसरे. भिजलेल्या कपड्यांतला, थंडीने हातपाय गळालेला माणूस उंच काठावरून ओढणे दोघा धट्ट्याकट्ट्यांनाही जड जाते. त्यातही जो बराच वेळ थंड पाण्यात होता त्याला शक्यतो उभा ओढत नाहीत. पाण्याचा दाब अंगावरून एकदम गेला की रक्तदाब कोसळतो आणि वाचलेला माणूस बोटीत आल्यावर दगावू शकतो. त्याला आडवा, जाळीत किंवा झोळीत घेऊन उचलतात आणि आडवाच ठेवतात.

कामकाज : निरोप आला की स्वयंसेवक घरून, दुकानातून, शेतातून धावत येतात. नौका कुठे उतरणीच्या घसरगुंडीवरून सुटते, कुठे ट्रॅक्टरने पाण्यात ढकलली जाते, तर कुठे ती बंदरात तरंगतीच ठेवतात. नेमकी जागा माहीत नसेल तर वारा आणि प्रवाह पाहून माणूस कुठवर वाहत गेला असेल याचा अंदाज बांधतात आणि त्या बिंदूपासून वाढत्या चौकोनांत शोध घेतात. बहुतेक फेऱ्यांत थरार नसतो. इंजिन बंद पडलेली बोट दोराने ओढून आणायची असते. तेही बचावाचेच काम आहे, कारण बंद पडलेली बोट वाऱ्याने खडकावर जाईपर्यंत वाट पाहिली तर माणसे काढावी लागतात. शॅननचे आयुष्य ५० वर्षांचे धरले आहे. अर्ध्या वाटेवर कवच तेच ठेवून इंजिने आणि यंत्रणा बदलायच्या अशी योजना आहे.

भारतात समुद्रावरील शोध आणि बचावाची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आहे. मुंबई, चेन्नई आणि श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथे समन्वय केंद्रे आहेत, आणि १५५४ हा मदतीचा क्रमांक आहे. गस्ती नौका, हेलिकॉप्टर आणि गरज पडल्यास नौदल एकत्र काम करतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर समुद्रात ‘पी-३०५’ बार्ज बुडाला तेव्हा नौदलाच्या युद्धनौकांनी खवळलेल्या पाण्यातून १८० हून अधिक जणांना काढले. उंच काठाच्या युद्धनौकेवरून हे करणे किती कठीण असेल, ते वर सांगितलेल्या खालच्या काठाच्या गोष्टीवरून कळेल. कोकणातले मच्छीमार तर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना वाचवत आले आहेत. त्या कामाची कुठे नोंद होत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील उपयोग : इथे वापरात असते ती रबरी, हवेने फुगवायची बोट, तिला मागे लावलेले सुटे इंजिन आणि चार-पाच जवान. पुण्याजवळ तळ असलेली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन मोठ्या पुरात येते. स्थानिक नावाडी, कोळी बांधव, अग्निशमन दल आणि पोलीस त्याआधीपासून पाण्यात असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या पुरांत गावेच्या गावे वेढली गेली आणि माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांची नावे रोज बातम्यांत होती.

नदीचा पूर समुद्रापेक्षा सोपा असतो हा समज घातक आहे. पुराखाली उभा ऊस असतो, ठिबकच्या नळ्या असतात, द्राक्षबागेच्या तारा असतात, कुंपणे असतात. यातले काहीही पंख्यात गुंतले की इंजिन बंद आणि बोट प्रवाहाच्या हवाली. म्हणून इंजिन वर उचलता येणे आणि वल्ही जवळ असणे आवश्यक ठरते. बोटीच्या नळ्यांत हवेचे कप्पे वेगवेगळे केलेले असतात, त्यामुळे काटेरी तारेने एक फाटला तरी बोट तरंगते. झाडावर किंवा छपरावर अडकलेल्या माणसाकडे प्रवाहाच्या खालच्या बाजूने, बोटीचे तोंड पाण्याच्या ओघाकडे करून जातात. मग इंजिनाच्या जोराने जागेवर थांबता येते. वरून जाणारी बोट थेट झाडावर आदळते.

सर्वांत फसवी जागा म्हणजे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे. भीमा-सीनेवर ते जागोजागी आहेत. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाशी जाऊन परत वर, बंधाऱ्याकडेच फिरते. पूर पुरेसा चढला की वरून फक्त गुळगुळीत फुगवटा दिसतो, पण खालून जवळ गेलेली बोट त्या घेऱ्यात ओढली जाते आणि माणूस पुन्हापुन्हा खाली जातो. अशा ठिकाणी बोट न नेता काठावरून दोर फेकणे हाच शहाणपणा.

पंढरपुरात आषाढी-कार्तिकीला वाळवंटात लाखो वारकरी असतात. बचाव बोटी आणि जीवरक्षक घाटांसमोर तैनात करतात. वाळू उपशाने पात्रात पडलेल्या खड्ड्यांमुळे गुडघाभर पाण्यातला माणूस पुढच्या पावलाला बुडतो. अशा वेळी वेगवान बोटीपेक्षा दहा हातांवर उभा असलेला, दोराची पिशवी हातात असलेला जीवरक्षक जास्त उपयोगी.

उजनीचे पाणी शांत दिसते. करमाळा तालुक्यातील कुगाव आणि पलीकडच्या इंदापूर तालुक्यातील कळाशी यांमध्ये लोक बोटीने ये-जा करतात, कारण रस्त्याचा वळसा फार मोठा आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वळवाच्या वाऱ्यात तिथली प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. एक जण पोहून बाहेर आला. मैलोन्‌मैल उघड्या पाण्यावर वारा काही मिनिटांत आखूड, खड्या लाटा उठवतो. मदत कितीही तत्पर असली तरी ती पोहोचेपर्यंत माणसाला तरंगत ठेवते ते अंगातले जाकीटच. बचावासाठी निघालेल्या बोटीलाही हाच नियम लागू आहे : ८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर नेणारी नाव उलटून अनेकांचे जीव गेले. भरलेल्या बोटीकडे आणखी हात पुढे येत असताना ‘पुढच्या फेरीला’ असे म्हणणे हे नावाड्याच्या कामातले सर्वांत कठीण काम आहे.

देखभाल : सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि रबरी बोटीचा खरा शत्रू तोच. पत्र्याच्या गोदामात ठेवलेल्या बोटीचे सांध्यांवरचे डिंक उष्णतेने सुटतात. साध्या पीव्हीसीच्या बोटीत हे लवकर होते, हायपालॉन या कृत्रिम रबराचे कापड जास्त टिकते. इंजिनात उरलेले पेट्रोल शिळे होऊन कार्बोरेटर चोंदतो आणि नेमक्या पहिल्या पुराच्या दिवशी दोरी ओढून ओढून हात दुखतात तरी ते सुरू होत नाही. म्हणून मृग लागण्याआधी बोट फुगवून रात्रभर ठेवतात, सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात आणि इंजिन पिंपात चालवून बघतात. उन्हात फुगवलेली बोट गार पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि नळ्या सैल पडतात. त्यामुळे बोट पाण्यात उतरल्यावर पंपाने पुन्हा हवा भरून घ्यावी लागते, आणि तो पंप बोटीतच बांधून ठेवलेला असावा लागतो.