फंडाचा परतावा आणि गुंतवणूकदाराचा परतावा

म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकावर ‘गेल्या दहा वर्षांत दरसाल 12 टक्के’ असे छापलेले असते, आणि त्याच फंडात दहा वर्षे पैसे घालत आलेल्या माणसाने स्वतःचा हिशेब मांडला की दर निघतो 8 टक्के. अशा वेळी दोहोंपैकी एक आकडा चुकीचा असावा असा संशय येणे स्वाभाविक आहे. पण दोन्ही आकडे बिनचूक असू शकतात. पहिला कालभारित परतावा आहे आणि दुसरा रक्कमभारित. नावे सारखी वाटली तरी ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि एकाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावल्यामुळे चांगले फंड सोडले जातात व सुमार फंड घेतले जातात.

फरक कळण्यासाठी दोनच वर्षांचा हिशेब पुरेसा आहे. समजा, एका फंडात तुम्ही 100 गुंतवले आणि पहिल्या वर्षी फंड दुप्पट झाला. ही घोडदौड पाहून तुम्ही आणखी 800 घातले, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तुमच्या खात्यात 1000 झाले. आणि त्या वर्षी फंड निम्म्यावर आला. फंडाच्या दृष्टीने 100 चे 200 आणि 200 चे पुन्हा 100 झाले, म्हणून त्याचा परतावा शून्य टक्के. तुम्ही मात्र एकूण 900 घातलेत आणि हातात 500 उरले. रक्कम आणि तारखा दोन्ही धरून दर काढला, तर तो दरसाल सुमारे उणे 42 टक्के येतो. कालभारित पद्धतीत प्रत्येक वर्षाला सारखेच वजन असते, त्या वर्षी फंडात किती पैसा होता याला काही महत्त्व नसते. रक्कमभारित पद्धतीत ज्या काळात पैसा जास्त होता, त्या काळाचे वजन जास्त.

प्रत्यक्षातही असे घडलेले आहे. 2000 नंतरच्या दशकात अमेरिकेतील ‘सीजीएम फोकस’ हा फंड दरसाल 18 टक्क्यांहून अधिक परतावा देऊन तिथल्या विविधांगी समभाग फंडांत अग्रभागी राहिला. मॉर्निंगस्टार या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे नोव्हेंबर 2009 अखेरच्या दहा वर्षांत त्याच फंडातील गुंतवणूकदारांचा रक्कमभारित परतावा मात्र दरसाल सुमारे उणे 11 टक्के होता. 2007 मध्ये फंड जवळपास 80 टक्के वधारला, ते आकडे पाहून 2008 मध्ये सुमारे 2.6 अब्ज डॉलर नव्याने आले, आणि त्याच वर्षी फंड 48 टक्क्यांनी कोसळला. इथे एक बारकावा नीट ध्यानात घ्यावा: उणे 11 हा आकडा माणसांची सरासरी नसून पैशाची सरासरी आहे. पहिल्या दिवसापासून न हलता थांबलेल्या माणसाला 18 टक्केच मिळाले. पण फंडातला बहुतेक पैसा उशिरा आला होता.

ही दरी नेहमी इतकी भीषण नसते. 2023 अखेरच्या दहा वर्षांसाठी मॉर्निंगस्टारने अमेरिकी फंडांचा जो अभ्यास केला, त्यात फंडांचा परतावा दरसाल 7.3 टक्के आणि गुंतवणूकदारांचा 6.3 टक्के निघाला. समभाग आणि रोखे एकत्र असलेल्या मिश्र फंडांत ही तफावत कमी होती, तर एकाच क्षेत्रावर भर देणाऱ्या फंडांत बरीच जास्त.

मात्र तफावत दिसली की गुंतवणूकदाराला दोषी ठरवण्याची जी घाई सर्रास केली जाते, ती मला अन्यायाची वाटते. तीन वर्षे दरवर्षी सुरुवातीला 100 घालणारा माणूस घ्या. फंडाने अनुक्रमे 30, 10 आणि उणे 10 टक्के दिले, तर त्याच्या 300 चे सुमारे 318 होतात. हाच क्रम उलटा लागला, तर तितक्याच पैशाचे सुमारे 402 होतात. फंडाचा कालभारित परतावा दोन्ही वेळा अगदी सारखा, आणि माणसाची शिस्तही सारखीच. फरक पडला तो केवळ बरी वर्षे आधी आली की नंतर, याचा. दरमहा बचत करणाऱ्याच्या बाबतीत शेवटच्या वर्षांचे वजन सर्वांत जास्त असते, कारण तेव्हा खात्यात सर्वांत मोठी रक्कम असते. यात त्याने काही चूक केलेली नसते.

स्वतःचा आकडा काढणे अवघड नाही. स्प्रेडशीटच्या एका रकान्यात तारखा लिहाव्यात आणि शेजारच्या रकान्यात रकमा. घातलेली रक्कम उणे चिन्हासह, काढलेली अधिक, आणि शेवटच्या ओळीत आजची तारीख व आजचे मूल्य. त्यावर एक्सआयआरआर (XIRR) हे स्प्रेडशीटमधले तयार सूत्र लावले की रक्कमभारित वार्षिक दर मिळतो. गुंतवणुकीला वर्ष झालेले नसेल तर मात्र या आकड्यावर भिस्त ठेवू नये: एका महिन्यातील 4 टक्के वाढ हे सूत्र वर्षभराला ताणून सुमारे 60 टक्के दाखवते.

आता खरा प्रश्न तुलनेचा. फंड व्यवस्थापक कसा आहे हे जोखायचे असेल, तर फंडाचा कालभारित परतावा त्याच काळातील योग्य निर्देशांकाशी, म्हणजे बाजाराची सर्वसाधारण चाल दाखवणाऱ्या आकड्याशी, ताडून पाहावा, कारण लोक पैसे केव्हा आणतात आणि केव्हा नेतात हे व्यवस्थापकाच्या हातात नसते. स्वतःचा एक्सआयआरआर माहितीपत्रकावरील दराशी ताडणे मात्र फसवे आहे. आपल्याच तारखांना, आपल्याच रकमा त्या निर्देशांकाबरहुकूम चालणाऱ्या निर्देशांक फंडात घातल्या असत्या तर किती झाले असते, हा हिशेब शेजारी मांडावा. तिथेही 8 टक्केच निघाले, तर फंड बदलण्याचे कारण उरत नाही. आणि आपल्या निर्णयांचा परिणाम पाहायचा असेल, तर तिसरा हिशेब लागतो: ठरवलेले हप्ते मध्येच न थांबवता, न वाढवता, त्याच फंडात चालू ठेवले असते तर हाती आला असता तो दर. या तिसऱ्या हिशेबातला दर आणि आपला प्रत्यक्ष दर यांतील फरक, मग तो नफ्याचा असो वा तोट्याचा, हाच आपण मध्येच घेतलेल्या निर्णयांचा हिशेब.