ओपन सोर्सचा दिवस साजरा करायचाय? मग हॅश मोजायला शिकवा

व्हीएलसी प्लेअर आपल्यापैकी बहुतेकांच्या संगणकात आहे. नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चिन्ह असलेला तोच. त्याची सुरुवात एका कॉलेजच्या वसतिगृहात झाली. पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये कॅम्पसच्या नेटवर्कवरून व्हिडिओ दाखवता यावेत म्हणून हे काम हाती घेतलं. पुढे संस्थेच्या परवानगीने १ फेब्रुवारी २००१ रोजी त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, जीपीएल या खुल्या परवान्याखाली सर्वांना मिळाला. ज्यांनी ते कॉलेज कधी पाहिलंही नाही, अशा देशोदेशीच्या लोकांनी त्यात भर घातली. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले, तरी प्रकल्प चालू राहिला.

सप्टेंबरचा तिसरा शनिवार हा सॉफ्टवेअर फ्रीडम डे. २००४ पासून जगभर हा दिवस साजरा होतो आणि आपल्याकडच्या कॉलेजांतही त्या सुमाराला कार्यक्रम ठरतात. अनेकदा त्यांचं स्वरूप एकच असतं: दीपप्रज्वलन, दोन पाहुण्यांची भाषणं, स्लाइड्स, प्रमाणपत्रं. मला वाटतं, या दिवशी भाषणाला अर्धा तास पुरे. उरलेला वेळ मुलांचे हात कीबोर्डवर असले पाहिजेत. सकाळी लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम चालवून पाहायची, दुपारी एखाद्या खऱ्या प्रकल्पाला छोटीशी दुरुस्ती पाठवायची. ही दोन कामं वेगळी दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी हॅश ही गणितातली एकच सुंदर कल्पना आहे आणि ती बारावीच्या मुलालाही समजते.

सकाळचं काम म्हणजे इन्स्टॉल फेस्ट, सगळ्यांनी मिळून लिनक्स बसवणं. उबुंटूसारख्या लिनक्सच्या वितरणाची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत, आज सुमारे ६ जीबीची असते. साठ मुलांनी ती कॉलेजच्या वाय-फायवरून एकाच वेळी उतरवायला घेतली, तर ३६० जीबीचा भार पडतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाच्याच हाती काही लागत नाही. म्हणून आदल्या दिवशी ती एकदाच उतरवायची आणि पेन ड्राइव्हवर चढवून ठेवायची. पण मग प्रश्न येतो: कुणीतरी हातात दिलेल्या पेन ड्राइव्हवर विश्वास का ठेवायचा?

इथे हॅश कामाला येतो. एसएचए-२५६ या पद्धतीत कोणतीही फाइल, एका ओळीची असो वा ६ जीबीची, ठरलेल्या गणिती पायऱ्यांतून जाते आणि शेवटी ६४ चिन्हांची एक ओळ मिळते. हे जणू फाइलच्या बोटांचे ठसेच. उबुंटूची मंडळी आपल्या संकेतस्थळावर मूळ फाइलचा हॅश जाहीर करतात. आयएसओ पेन ड्राइव्हवर चढवण्याआधी आपण आपल्या प्रतीचा हॅश काढायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे. जुळले तर फाइल वाटेत बिघडलेली नाही, कुणी त्यात काही मिसळलेलंही नाही. संकेतस्थळावरचा हॅशच कुणी बदलला तर? त्यासाठी हॅशच्या यादीवर डिजिटल सहीही असते, तीही तपासता येते.

हे सांगण्यापेक्षा करून दाखवावं. प्रत्येकाने एका फाइलीत आपलं नाव आणि गाव लिहायचं, हॅश काढायचा. मग शेवटी फक्त एक पूर्णविराम द्यायचा आणि पुन्हा काढायचा. दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या, की ओळखच पटत नाही. ६४ पैकी सरासरी ६० जागी चिन्ह बदललेलं असतं. उरलेल्या चारेक जागी तेच चिन्ह दिसतं ते निव्वळ योगायोगाने, कारण प्रत्येक जागी सोळाच पर्याय असतात. फाइलमधला एक बिट (० किंवा १) बदला, हॅशच्या २५६ पैकी साधारण निम्मे बिट उलटतात. उलट दिशेने जाणं, म्हणजे हॅशवरून मूळ मजकूर शोधणं, व्यवहारात अशक्य: शक्य हॅशची संख्याच ७८ अंकी आहे. प्रयोगशाळेत हे पाहिलेली मुलं पुढे कुठलीही फाइल उतरवताना हॅश शोधू लागतात.

प्रत्यक्ष इन्स्टॉल करताना घाई नको. आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून पाहू द्या. त्यात हार्ड डिस्कला हात लागत नाही. आणि एक गोष्ट आदल्या आठवड्यात सूचनाफलकावर लावाच: विंडोजच्या नव्या लॅपटॉपांत बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप सुरू असेल, तर बूटची सेटिंग बदलल्यावर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती लिहून न आणलेल्या मुलाचा लॅपटॉप त्या दिवशी हाताळू नये. बॅकअप नसलेल्याचाही नाही. या बाबतीत स्वयंसेवकांनी ठाम राहावं, मूल कितीही आग्रह करो.

दुपारी गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं. त्यातल्या प्रत्येक नोंदीला, म्हणजे कमिटला, ४० चिन्हांचं नाव असतं आणि ते नाव कुणी ठेवलेलं नसतं, तर हॅश काढून मिळालेलं असतं. त्या हिशोबात त्या क्षणीच्या सगळ्या फाइली येतात, लेखकाचं नाव आणि वेळ येते, आणि आधीच्या कमिटचा हॅशही येतो. म्हणजे पाच वर्षांपूर्वीची एक ओळ कुणी गुपचूप बदलली, तर तिथून पुढच्या सगळ्या कमिटांची नावं बदलतात आणि ज्यांच्याकडे प्रत आहे त्यांच्या ते लगेच लक्षात येतं. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एकाच कोडवर काम करू शकतात ती या आधारावर. (गिटमधली एसएचए-१ ही पद्धत आता जुनी झाली, २०१७ मध्ये वेगवेगळ्या दोन फाइलींचा एकच हॅश तयार करून दाखवला गेला. म्हणून गिटही एसएचए-२५६ कडे वळत आहे.)

मात्र हॅश फक्त एवढंच सांगतो की फाइल तीच आहे. ती चांगली आहे की नाही, हे माणसालाच वाचून ठरवावं लागतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्समधल्या छोट्या प्रकल्पात चोरदरवाजा सापडला. दोनेक वर्षं विश्वास कमावून आत शिरलेल्या एका सहभागी व्यक्तीने तो बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात शिरण्याच्या साधनाने, लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो खोदत गेला आणि सोर्स उघडा असल्यामुळेच मुळापर्यंत पोचला. मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

दुपारच्या सत्रात संख्येच्या मागे लागू नये. २०२० च्या हॅकटोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमात चार पुल रिक्वेस्टवर, म्हणजे दुरुस्ती स्वीकारण्याच्या विनंत्यांवर, टी-शर्ट मिळत होता. परिणामी प्रकल्पाची ओळख देणाऱ्या रीडमी फाइलीत एखादा निरर्थक शब्द घालून पाठवलेल्या विनंत्यांचा पूर आला, फुकट वेळ देऊन प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर त्रासले आणि आयोजकांना ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलावे लागले. आपल्या कार्यक्रमात बक्षीस ठेवायचंच असेल तर ते स्वीकारल्या गेलेल्या एका दुरुस्तीला ठेवा. आयोजकांनी आधीच दहाबारा खरी कामं निवडून ठेवावीत: सूचनांमधली चुकीची पायरी, न उघडणारी लिंक, पुन्हा घडवून दाखवता येणारा बग. आयआयटी मुंबईच्या फॉसी या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातही विद्यार्थ्यांना करण्याजोगी कामं असतात. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या आकडेमोडीच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिणं हे त्यातलं एक. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत, पहिल्यांदा लिनक्स उघडणाऱ्याला त्यांचा मोठा आधार होतो.

मेंटेनरचं उत्तर त्याच दिवशी क्वचितच येतं, कधी महिनाभर लागतो. तेव्हा कार्यक्रम ठरवतानाच पुढच्या दोन महिन्यांसाठी आठवड्यातून एक तास लॅब मागून ठेवा. पहिलं उत्तर बहुधा ‘दोन बदल वेगळे करून पाठवा’ किंवा ‘हे तपासलं कसं, ते लिहा’ असं असतं. त्या वेळी शेजारी बसून ते वाचायला आणि दुरुस्ती पुन्हा पाठवायला एखादा सीनियर हवा.