पत्रिकेचं मॅटर पाठवण्याआधी

लग्नसराई लागली की बेळगावातल्या आमच्या छापखान्यात रोज एक तरी फोन येतो, "मॅटर पाठवलोय की काल, पत्रिका कधी देतासा?" फाइल उघडावी तर 'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी डॉलर, कंस आणि डोक्यावर टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं. घरच्या पोराने टाइप नीटच केलेलं असतं. फक्त त्याच्याकडचा जुना फॉन्ट आमच्या मशीनवर नसतो.

त्या जुन्या फॉन्टात मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरांचे नंबर असतात आणि वरून मराठी मुखवटा. प्रत्येक कंपनीने 'क' आपल्या मर्जीच्या कळीवर बसवला, त्यामुळे एकीचं मॅटर दुसरीच्या फॉन्टात वाचता येत नाही. पत्रिकेची मागची कन्नड बाजू नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात असेल तर तोच घोळ दोनदा. युनिकोड या जगभरच्या एकाच पद्धतीत मात्र 'क'चा नंबर सगळीकडे एकच. मोबाइलवर मराठी कीबोर्डने टाइप केलेलं युनिकोडच असतं, तेव्हा व्हॉट्सॲपवर साधा मेसेज लिहून पाठवा. फोटो नको.

"नेटवर कन्व्हर्टर आहे की!" आहे, आम्हीही वापरतो. पण एकदा त्यातून 'वऱ्हाडी मंडळी'ची 'वर्हाडी मंडळी' झाली आणि येळ्ळूरचा 'ळ्ळ' पायमोडका निघाला. प्रूफ पाहून सही झालेली होती. चारशे पत्रिका परत छापल्या, कागद आमचा गेला, छपाई त्यांनी दिली. तेव्हापासून जुन्या फॉन्टातली फाइल आम्ही नव्याने टाइप करतो. त्याचे पैसे वेगळे पडतात आणि एक दिवस जादा लागतो. प्रूफवर सही घेतो ती त्याचसाठी, अविश्वास म्हणून नव्हे.

दुसरी तक्रार 'ल'ची. "मोबाइलवर वेगळा होता, तुम्ही बदललासा काय?" नाही. 'ल'चा नंबर तोच, आकार फॉन्ट ठरवतो. मोबाइलवर बहुधा हिंदी वळणाचा, उजवीकडे उभ्या काठीचा दिसतो, आम्ही पाकळीचा छापतो. हे वळण जुन्या मुंबई छपाईचं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजींनी राणोजी रावजी आरूंकडून ठसे कोरून घेतले, आणि 1869 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी मराठी डोळ्याला सवय लावली. 'वऱ्हाडी'तला तो आडवा रफारही मराठीचाच, हिंदीत त्याचं काम पडत नाही. महाराष्ट्र शासनाने 2022 मध्ये पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ठरवून दिला. तो आदेश आम्हा बेळगावकरांना लागू नाही, पण हिंदी 'ल' मागणारं गिऱ्हाईक आमच्याकडे अजून आलेलं नाही.

र. कृ. जोशींनी विंडोजसाठी केलेला मंगल हा फॉन्ट बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर आहे. अर्जाला ठीक, पत्रिकेला कोरडा वाटतो. आम्ही बहुधा 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा मुक्ता सुचवतो. त्यात भाषा 'मराठी' निवडली की 'ल' आपोआप पाकळीचा होतो. बारसं, वाढदिवस असेल तर त्यांचाच गुबगुबीत बालू. दोन्ही फुकट मिळतात, त्यामुळे फॉन्टचे पैसे आम्ही लावत नाही. नमुन्यांची वही काउंटरवर आहे. घरात आजोबांच्या लग्नाची पत्रिका जपून ठेवली असेल तर येताना घेऊन या, त्या वळणाच्या जवळचं अक्षर शोधून देऊ.